डाव्या हातांची सलामी

बर्लिनमधल्या मोआबिट भागात, आमच्याच मागच्या चौकातल्या वरच्या माळ्यावर टिली क्रामबाख राहायची. पोरवयात तिने हातमोजे शिवले, मग सिनेमाच्या कारखान्यात लागली, आणि तिथे फिल्मच्या पट्ट्या चिकटवता चिकटवता बाईचे केस पिकले. बोटांना कायम त्या चिकटद्रव्याचा, पिकल्या नासपतीसारखा वास. नवरा आर्टुर ट्रामवर कंडक्टर. तो म्हणायचा, "मी हिला अंधारात वासावरून ओळखतो, ही मला आवाजावरून. भांडायला चुकीचं माणूस कधी सापडत नाही."

छत्तीस सालचे ऑलिम्पिकचे खेळ उरकले आणि त्यांचा सिनेमा करायचं काम टिलीच्या कारखान्यात आलं. पैसा सरकारचा, हुकूमही सरकारचा. धावणारे धावणार, पोहणारे पोहणार, पण बघणाऱ्याच्या मनात राहायला हवा तो आपला ताठ उभा देश. फिल्मचे डबे छताला लागले होते. टिली पांढरे मोजे घालून सकाळी बसायची ती दिवे लागेपर्यंत.

एके दिवशी पट्टी तपासायच्या दिव्याच्या काचेत तिला नवरा दिसला.

कुणाला तरी पदक मिळालं होतं, राष्ट्रगीत चालू होतं, आणि प्रेक्षकांच्या अख्ख्या सज्जाने सरकारी सलामीचा उजवा हात उंचावला होता. गव्हाच्या ओंब्या उभ्या राहाव्यात तसे हात. त्यांच्या ऐन मधोमध आर्टुर. एका हातात सॉसेज, दुसऱ्यात बिअरचा पेला, आणि गाल फुगलेले.

टिलीने काचेमागचा दिवा बंद केला, परत लावला. तोच होता. हनुवटीवर मोहरीची चटणीसुद्धा नेहमीसारखीच.

त्या दिवसापासून तिचं बूड खुर्चीला टेकेना. हा सिनेमा गावोगाव लागणार. ट्राम कंपनीचे साहेब बघणार. आणि खालच्या मजल्यावरचे लेमकेसाहेब तर पहिल्या रांगेत बसणार. कोण झेंडा लावतं, कोण कुठल्या देशाचा रेडिओ ऐकतं, हे वर कळवण्यासाठीच सत्ताधारी पक्षाने त्यांना आमच्या घरांवर नेमलं होतं. गेल्या वर्षी शेजारचा सुतार एका विनोदापायी गेला तो परत आला नव्हता. आर्टुरने तर विनोदही केला नव्हता, नुसता घास घेतला होता.

पट्टी लपवावी तर कडेला आकडे छापलेले. एक तुकडा हरवला की पंचनामा. "हा काढा" म्हणावं तर "का?" हे आलंच. शिवाय तुकडे जुळवणारे हाइंटसे त्या चित्रावर लट्टू झाले होते. "बघा टिलीबाई, समुद्र आहे समुद्र!"

"हो," टिली म्हणाली. "मासेही दिसताहेत."

घरी ती आर्टुरला काही बोलली नाही. फक्त तो जेवायला बसला की त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

"काय गं, जास्त खातोय का मी?"

"तोंड मिटून चाव."

फिल्मला एक चकचकीत बाजू असते, एक मंद. मंद बाजू ओल्या ओठाला चिकटते. तेवढ्यावरून सुलट-उलट ओळखायचं. नव्या पोरी घाईत ओठ लावायला विसरतात आणि तुकडा उलटा जोडतात. मग पडद्यावर धावणारा भलत्याच दिशेला पळतो, आणि पोरगी रडत बसते. टिलीच्या हातून हे कधीच झालं नव्हतं. त्या आठवड्यात मंत्रालयातले साहेब जोडणी बघायला येणार होते. टिलीने तुकडा ओठाला लावला, नीट खात्री करून घेतली, आणि उलटा चिकटवला.

अंधाऱ्या खोलीत ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्यावर अख्ख्या सज्जाने डावा हात वर केला.

कुणीतरी फिसकन हसलं. हाइंटसेंनी कपाळावर हात मारला. "साहेब, तुकडा उलटा लागलाय. आत्ता सुलटा करतो." आणि वेळ निभावून न्यायला पुढे म्हणाले, "शुद्धीवर एकटा तो सॉसेजवाला दिसतोय!"

टिलीने हाइंटसेंकडे वळून बघितलं. गंमत करायला यालाही आत्ताच मुहूर्त सापडला.

"कोण सॉसेजवाला?" साहेब पुढे वाकले. "परत लावा."

परत लागलं. टिलीने दोन्ही हात पाठीमागे धरून भिंतीत नखं रुतवली. साहेबांचं डोकं पडद्याबरोबर डावीकडून उजवीकडे फिरत होतं.

"त्या एकाचं राहू द्या हो," साहेब ओरडले, "मला हे बाकीचे सगळे दिसताहेत! परदेशी प्रती छापताना कुणी उलटं लावलं तर? सगळं जग हसेल! हे चित्र मला कुठेच नको."

"पण साहेब, इतकं सुरेख..."

"नको म्हटलं ना!"

तुकडा गेला. टिलीही जोडणीच्या टेबलावरून गेली; रिळं गुंडाळायला तिला तळमजल्यावर बसवलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," हाइंटसे म्हणाले.

"ओठ कोरडे पडले होते," टिली म्हणाली. तेवढं खरंच होतं.

घरी येऊन तिने आर्टुरला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता ती चिडत गेली. "एक दिवस उपाशी राहता येत नव्हतं तुला? इतकं काय होतं त्या सॉसेजमध्ये?"

"गार होतं," आर्टुर म्हणाला. "आणि बिअर कोमट."

"मग घेतलंस कशाला?"

तो वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला. "हातांना काहीतरी हवं ना, टिली. ते गाणं लागायची वेळ झाली की मला भूक लागते. हे सरकार आल्यापासून, तीन वर्षं लागतेय."

टिली उभीच राहिली. म्हणजे हा वेंधळेपणा नव्हता. म्हणजे उद्याही भूक लागणार, परवाही, आणि कॅमेरे काही एकाच मैदानावर नसतात. शिवाय त्या चित्राची मूळ फिल्म कारखान्याच्या तळघरात डब्यात पडून होती, ती वेगळीच. ती चुलीपाशी गेली, खिडकीशी गेली, परत आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

"आता काय नाचतेय का मी?"

सकाळी आर्टुर दोन्ही हातांत कोळशाच्या बादल्या घेऊन वर येत होता, तेव्हा खालून लेमकेसाहेबांचे बूट वाजले. जिन्यात गाठ पडली की ते आधी हात उंचावत आणि समोरच्याची वाट बघत. टिली दारात मोकळ्या हातांनी उभी होती. ती झटकन आत गेली, भिजत घातलेल्या चादरी ओल्याच टोपलीत कोंबल्या आणि दोन्ही हातांनी टोपली पोटाशी धरून बाहेर आली. पाणी पायऱ्यांवर ठिबकत होतं.

लेमकेसाहेबांनी हात उंचावला, वाट बघितली, खाली घेतला. "क्रामबाखबाई, धुण्याच्या खोलीत आज तुमची पाळी नाही."

"म्हणून तर घाई आहे, साहेब," टिली म्हणाली. "जरा बाजूला होता का? जड आहे."