डाग तेवढा बघा

माझे सासरे, आबा, फौजेतून निवृत्त झाले, पण म्हसवडजवळच्या आमच्या घराला त्यांनी निवृत्त होऊ दिलं नाही. कुंड्या, पायऱ्या, झाडांचे बुंधे, दिसेल त्याला खाली गेरू आणि वर चुना. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीचा एक कोपरा मात्र पाझरायचा आणि तिथे काळा, मखमली डाग धरला होता. आबांना तो बघवत नसे. मी सांगलीत वनस्पतिशास्त्र शिकवते, मला राहवेना. चिमूटभर खरवडून नेला.

सूक्ष्मदर्शकाखाली लांब धागे दिसले. निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते, खरं तर जिवाणूच. याच्या भाऊबंदांत फांदी फुटते तिथे एक फिकट, जाड भिंतीची पेशी असते. इथे ओळीने तीन! प्रत्येक फांदीपाशी तीन! रिकाम्या प्रयोगशाळेत मी चक्क ओरडले. जुनी वर्णनं पालथी घातली, कशाशीच जुळेना. नवी जातच असणार ही! पण एका चिमटीवर कोण विश्वास ठेवणार? धागे जिवंत वाढवायचे, डीएनए तपासायचा, तिथलाच दुसरा नमुना आणून तीन पेशी पुन्हा दाखवायच्या. तेवढ्यात वाढवायला ठेवलेल्या बशीत बुरशी शिरली आणि सगळं मेलं. आता माझी सगळी भिस्त त्या डागावर.

गावची जत्रा तोंडावर आली होती, म्हणजे रंगरंगोटीचे दिवस. मी घाईघाईने फोन केला, "आबा, रविवारी येते. टाकीवरचा डाग तेवढा बघा हं."

"बघतो की," आबा म्हणाले.

रविवारी फाटक उघडलं तर टाकी पांढरीशुभ्र.

"आबा, डाग?"

"बघितला न्हवं! तारंच्या ब्रशनं घासला आन् वर दोन हात चुना."

सासऱ्यांवर ओरडता येत नाही. टाकीमागे जाऊन रडले, रागाने. चुना लावणारे पुष्कळ पाहिले होते, पण सख्ख्या सासऱ्यांनी लावावा, तोही दोन हात? शेवटी त्यांना सांगितलं, बघा म्हणजे लक्ष ठेवा म्हणायचं होतं मला. त्यांचा चेहरा उतरला.

"मग तसं सांगायचं न्हाई व्हय, पोरी?"

गळती काढायला गवंडी ठरला होता. ओल राहिली तर डाग पुन्हा धरेल, म्हणून आबांनी तिथल्या तिथे फोन करून त्याला नको म्हणून सांगितलं.

थंडी सरताना, मी वर्गात असतानाच त्यांचा फोन आला. "सूनबाई, आला! चुना फोडून आला! लय काळा हाय!" पोरांना सोडून मी विट्यामार्गे म्हसवडला जाणारी एसटी गाठली. नव्या धाग्यांतही तीनच पेशी! पुढे डीएनएसुद्धा वेगळा निघाला. जातीच्या नावात मी म्हसवड बसवलं आणि वर्णन छापून आलं त्या दिवशी पेढे घेऊन घरी गेले.

पुन्हा जत्रा जवळ आली होती. टाकी रंगवून झाली होती, तेवढा कोपरा सोडून. त्याच्यासमोर खुर्ची टाकून आबा बसलेले, ब्रश बादलीत.

"काय करताय, आबा?"

"बघतोय," ते म्हणाले. "नुसतं."