मुरारीची फुंकर

महाळुंग्याच्या मुरारीचा कुणावरच विश्वास नव्हता आणि त्याला त्याचा अभिमान होता. वाण्याने तागडी उचलली की हा वाकून तिच्या बुडाला चिंच चिकटवलीय का ते बघायचा. कुणी सोयरीक सुचवली तर आधी विचारायचा, "पोरीत खोट काय हाय ते सांगा." बायको कुशाबाईने चहात गूळ जरा सढळ हाताने टाकला तरी याच्या मनात पाल चुकचुकायची, की आज हिचं काय काम निघालं? लोक हसायचे. हसणाऱ्यांच्याही मनात काहीतरी असणारच, असं मुरारीला वाटायचं.

लग्नसराईत तो वाजंत्र्यांच्या ताफ्यात सूर धरायचा. सनईवाला पुढे बसून मिरवतो, वाहवा त्याची होते. सूर धरणारा मागे बसून एकच स्वर न तोडता फुंकत राहतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हे काम करायचं तर गालांत हवा साठवायची आणि ती नळीत सोडता सोडता नाकाने हळूच नवा दम ओढायचा. बापाने त्याला हे पाण्याच्या तांब्यात वाळक्या गवताची काडी घालून शिकवलं होतं. बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. पण लग्नं चार महिने आणि पोट बारा महिने, म्हणून मुरारी चिंचवडला गारेच्या कारखान्यात लागला. तिथे गारगोट्या भरडून त्यांचं पीठ करत आणि ते पीठ काचेच्या नि चिनीमातीच्या कारखान्यांना जाई. सुट्टी झाली की माणसं भुवयांपर्यंत पांढरी होऊन बाहेर पडत.

सत्तावन्न सालच्या थंडीत मुरारीच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती त्याने सगळ्यांपासून लपवली. सायकलवरून कामाला जाताना इंद्रायणी ओलांडली की तळवड्याचा चढ लागतो, आणि घरी येताना नदीनंतर गावाकडचा. पूर्वी तो दोन्ही चढ गाणं म्हणत चढायचा. आता अर्ध्यावरच छाती भरून यायची. मग तो खाली उतरायचा आणि चेन पडल्याचं सोंग करून चाकाशी खुडबुड करत बसायचा. बरोबरची माणसं म्हणायची, "मुरारी, ही चेन बदल बाबा एकदा." तो मान डोलवायचा.

अशात पुण्याहून डॉक्टर आला. बरोबर पत्र्याचा एक उंच डबा. डब्यात पाणी, पाण्यात पालथं घातलेलं दुसरं भांडं, आणि त्यातून निघालेली रबरी नळी. छातीभर दम घ्यायचा नि नळीत सगळा सोडायचा, की पालथं भांडं वर उचललं जाई. शेजारी कागद गुंडाळलेलं एक नळकांडं फिरत असे, त्यावर टाक रेघ ओढी. रेघ जितकी उंच चढेल तितकी छाती मोठी.

कारखान्यात एकच कुजबूज सुरू झाली. आपल्या छातीची मापं कशाला हवीत यांना? कधी तापात साधी गोळी दिली नाही, आणि आता एकदम एवढा कळवळा? मुरारीने छातीठोकपणे सांगून टाकलं, "ज्याची रेघ बुटकी, त्याला घरी बसवणार. दुसरं काय असणार हाय?" त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं, कारण वाईट गोष्टीच्या बाबतीत मुरारी सहसा चुकत नसे.

पहिली बोंब झाली ती चिमट्यावरून. फुंकताना नाकातून हवा जाऊ-येऊ नये म्हणून डॉक्टर नाकाला चिमटा लावायचा. मुकादम उद्धवरावाने पहिल्याच माणसाला पुढे ढकललं, तर तो ओरडत मागे सरला, "नाक बंद करायला मी काय मेलोय व्हय?" मेलेल्या माणसाच्या नाकात कापूस घालतात, जित्या माणसाचं नाक कुणी मिटत नाही. सगळी रांग बिथरली. डॉक्टर बिचारा समजावून थकला. शेवटी सुट्टी व्हायच्या आत काम उरकायचं म्हणून त्याने चिमटा पेटीत टाकला आणि म्हणाला, "बरं, तसंच फुंका. पण तोंडाने, आणि एकाच दमात."

मुरारीच्या पुढे सोपानराव होता. सरळमार्गी माणूस. त्याने प्रामाणिकपणे जीव तोडून फुंकलं, खोकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि रेघ कागदाच्या खालीच रेंगाळली. डॉक्टरने "हं" केलं. ते "हं" मुरारीला अजिबात आवडलं नाही.

त्याची पाळी आली तेव्हा त्याच्या डोक्यात काही ठरलेलं नव्हतं. पण नळी ओठांत गेली आणि गाल आपसूक फुगले. त्याने सूर धरला. गालांतून हवा सोडायची, नाकाने चोरून घ्यायची, परत सोडायची. रेघ संथ चढू लागली आणि चढतच राहिली. कागदाची वरची कड आली, भांडं पाण्यातून बाहेर पडायच्या बेताला आलं, तेव्हा डॉक्टरच घाबरून म्हणाला, "पुरे, पुरे!" त्याने मुरारीकडे नीट पाहिलं. "काय करतोस रे तू?"

"वाजंत्री हाय मी, साहेब. लगनात वाजवतो."

"तरीच," डॉक्टर म्हणाला. मागे रांग खोळंबली होती. त्याने आकडा टिपला आणि पुढच्याला बोलावलं. मुरारी बाहेर आला तो मिशीला पीळ देतच. साहेबाच्या हातावर तुरी दिल्याचा आनंद त्याला त्या दिवशी घरापर्यंत पुरला. चेन मात्र चढावर पडलीच.

आठवडाभरात सोपानरावाला आतल्या कामावरून काढून बाहेर अंगणात लावलं. गाड्यांतून गारगोट्या उतरवायच्या, उघड्या हवेत. मुरारी म्हणाला, "बघा! आज अंगणात, उद्या फाटकाभाईर." आणि मग उद्धवराव त्याच्याकडे आला. "मुरारी, सगळ्यांत दणकट छाती तुझी निघाली. तू चाळणघरात जायचं. तिथं तुझ्यासारखाच माणूस टिकंल."

मुरारीच्या तोंडचं पाणी पळालं. चाळणघर म्हणजे कारखान्याची सगळ्यांत वाईट खोली. तिथे पीठ चाळत आणि दोन हातांवरचा माणूस दिसत नसे. चलाखी अशी अंगलट आली, आणि बोलायची सोय नव्हती. खरं सांगावं तर लबाडी केली म्हणून काढतील, न सांगावं तर चाळणघर. त्याने न सांगणं पत्करलं. सोपानराव फाटकाबाहेर कधी जातो याची तो वाट बघत राहिला. सोपानराव काही गेला नाही. उलट जेवणाच्या सुट्टीत त्याचा खोकला कमी ऐकू येऊ लागला, आणि त्या माणसाचा मुरारीला मनापासून राग आला.

वैशाखात निघोज्याला लग्न होतं. अक्षता पडल्या, सनई चढली, आणि मागचा सूर तुटला. मुरारीने घाईने पुन्हा धरला, पुन्हा तुटला. नाकाने दम घ्यायचा तर आत तो मावतच नव्हता. सनईवाल्याने वाजवता वाजवता मान वळवून मागे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला मागे बघावं लागलं नव्हतं. मुरारी भर मांडवात घाबरला. माणसांची भीती त्याला सवयीची होती, स्वतःच्या छातीची वाटली ती पहिल्यांदा.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टर पुन्हा आला. मुरारी पाळी नसताना आत घुसला. "साहेब, माझं माप परत घ्या. मला दम पुरत न्हाई."

डॉक्टरने जुना कागद काढला. "तुला? तुझी रेघ तर कागदाबाहेर चालली होती. चाळणघर नको झालं म्हणून आता दम लागायला लागला काय?"

हे म्हणजे मुरारीचंच बोलणं मुरारीला ऐकवण्यासारखं होतं. खरं सांगणाऱ्यावर कुणी संशय घेतला की कसं वाटतं, ते त्याला आजवर ठाऊक नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. गाल फुगवून दाखवले, नाकाने दम कसा चोरतात ते दाखवलं. "लबाडी केली, साहेब. नावं कापणार असं वाटलं."

डॉक्टरने पेटीतून चिमटा काढला. "चिमटा मी ठेवून द्यायला नको होता," तो म्हणाला. "ती माझी चूक. पण आता तो लावावा लागेल. आणि तीनदा फुंकावं लागेल."

"तीनदा का?"

"मुद्दाम कमी फुंकणाऱ्याला तीनदा एकाच जागी थांबता येत नाही. कधी खाली, कधी वर, चुकतोच. जीव ओतून फुंकलं तर रेघा जुळतात."

मुरारीने चिमट्याकडे पाहिलं. बापाच्या नाकात कापूस त्यानेच घातला होता. त्याने डोळे मिटून नाक पुढे केलं.

पहिल्यांदा फुंकलं. दुसऱ्यांदा फुंकलं. मध्ये खोकल्याची उबळ आली, पाणी प्यायला, तिसऱ्यांदा फुंकलं. गालांना काही करता येत नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं त्याने नळीत घातलं. डॉक्टरने कागद सोडवून टेबलावर पसरला. तीन रेघा एकीवर एक बसल्या होत्या, सोपानरावाच्या रेघेपेक्षाही खाली.

"तुझ्या वयाच्या, तुझ्या उंचीच्या माणसाची रेघ इथपर्यंत यायला हवी," डॉक्टरने बोट बरंच वर ठेवलं. "दमेकऱ्याची हवा अडत अडत निघते. तुझी झटकन निघते, पण मुळात आहेच थोडी. चाळणघर आजपासून बंद. मी सांगतो उद्धवरावांना. बाहेर काम कर."

"मग भरून येईल?"

"गेलेलं येत नाही, मुरारी. उरलेलं सांभाळायचं."

घरी पोचायला त्याला उशीर झाला. चढावर तो सरळ सायकल ढकलत चालला, चेनीला हात लावला नाही. कुशाबाईने भाकरी वाढली. तिला त्याने पहिल्या घासाआधीच सांगितलं, की छाती निम्मी गेली आणि आता सूर धरवणार नाही.

कुशाबाई हातातली परात तशीच धरून उभी राहिली. "कुणी सांगितलं? त्या डबेवाल्या डाक्टरनं? तुमी कवापास्नं कुणाचं खरं मानाया लागला? खोटा असंल तो. तुमीच म्हना की खोटा हाय म्हून."

मुरारीने बराच वेळ प्रयत्न केला. जन्मभर जे त्याला चुटकीसरशी जमत आलं होतं, ते आज काही केल्या जमेना.

"न्हाई कुशे," तो म्हणाला. "त्यो माणूस खरा हाय."