पाइपवरची पट्टी

बागेच्या पाइपला एका जागी फुगा आला होता. ह्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यावर घट्ट आवळली. पट्टी टिकते का बघायला मी नळ चालू करून तिथेच उभी होते. गेल्याच आठवड्यात ह्यांच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला असाच फुगा सापडला. फुटला तर रक्तस्राव होऊन स्ट्रोक येईल, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. हे म्हणाले, "दुखत नाही ना, मग राहू दे." दुखतं त्याच्याकडेच आपण बघतो. न दुखणारं आत निमूटपणे पातळ होत जातं.

"पाइप तर गळतही नव्हता," मी म्हटलं.

"गळायची वाट बघायची का?" हे बोलून गेले आणि पट्टीवरचा हात तिथेच थांबला. मग म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव."

मी आधी नळ बंद केला.