एका चावीत सुरू होणारी गाडी

माझी जुनी जपानी गाडी विकायची होती. जाहिरात पाहून निफाडहून एक गृहस्थ सातपूरला माझ्या घरी आले. साठीचे, द्राक्षबागायतदार. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

इतर लोक आधी बॉनेट उघडायला लावत. हे सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "चालू करा बरं."

एका चावीत इंजिन सुरू झालं. त्यांनी डोळे मिटले.

"हीच गाडी होती माझ्याकडं. जपानी हाय, दगा देणार नाय म्हणून घेतली, अन् खरंच कधी दिला नाय. मंडळीच्या छातीत दुखाय लागलं, तेव्हाबी अशीच एका चावीत निघाली. मागं तिला धरून बसलो होतो, लय लवकर पोचलो दवाखान्यात. तरी ती गेली. महिन्याभरात मी गाडी विकून टाकली."

"का?"

"राग आला गाडीचा. पण तिचं काय चुकलं होतं, सांगा."

मी इंजिन बंद केलं. ते उतरले, दार अगदी हळू लावलं आणि हँडलवर हात ठेवून उभे राहिले.

"घ्यायची आहे का?" मी विचारलं.

"तेच कळंना झालंय," म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर तिघांचे फोन आले. तिघांनाही मी गाडी विकली गेली असं सांगितलं. का, ते बायकोलाही सांगता आलं नाही. गाडी अजून दारातच उभी आहे.