दोघी केर्तू

केर्तू आमच्या ओशिपाला गावी आली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. फिनलंडहून बोटीनं, मग रेल्वेनं आणि शेवटी मिशनच्या ट्रकवर पेट्यांच्या ढिगावर बसून ती आली. उतरली तेव्हा केसांपासून पायापर्यंत धुळीनं तांबडी झाली होती. बायका आपसांत म्हणाल्या, बाळंतपणं करायला पाठवलीय म्हणे, पण आधी हिलाच कुणीतरी न्हाऊ घाला.

तिला आमची भाषा येत होती, पण पुस्तकातली. कुणी दवाखान्यात आलं की ती तडक विचारायची, कुठं दुखतंय? माझी आई नामुतेन्या एकदा गुडघा दाखवायला गेली आणि तिथंच बसून तिनं केर्तूला सुनावलं, "अगं पोरी, मला झोप लागली का, गुरं कशी आहेत, काही विचारशील की नाही? दुखणं काय पळून चाललंय?" तेव्हापासून केर्तू सगळ्यांचं सगळं विचारायला लागली. कळा देणाऱ्या एका बाईला तिनं गाईंची खुशाली विचारली. ती बाई म्हणाली, गाई मजेत आहेत, तू आधी हे पोर बाहेर काढ. वर्षभर गावात हीच गोष्ट चालली होती, आणि ती सांगताना केर्तूच सगळ्यांत जास्त हसायची.

सकाळी झाडाखाली प्रार्थना, मग दवाखाना, दुपारनंतर पिशवी घेऊन वाडीवाडीला फिरणं. ती आमच्यासारखी पाय पसरून वाळूत बसायची. बाजरीचा घट्ट गोळा बोटांनी तोडून वाळक्या माशाबरोबर खायची. माझी आई म्हातारपणी बाप्तिस्मा घेतलेली, तिचं तोंड कुणी धरत नसे. ती विचारायची, तुझ्या देवाला तुझ्यासाठी एक नवरा सापडला नाही होय? केर्तू म्हणायची, मी शोधायला सांगितलंच नाही.

माझी धाकटी बहीण नेलागो बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली, तेव्हा नेलागोचा नवरा शिलोंगो करारावर दक्षिणेला खाणीत गेलेला. आमच्याकडचे बरेच पुरुष तसेच जात. मूल झालं, मुलगी, पण रक्त थांबेना. संध्याकाळी केर्तू बाहेर आमच्याजवळ आली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं निरोप पाठवला नाही. आईसमोर वाळूत बसली आणि म्हणाली, नेलागो गेली. तिच्या हातांवरचं रक्त अजून ओलं होतं.

माझ्या मुलाचं दूध केव्हाच सुटलं होतं, मला पान्हा नव्हता. म्हणून ते बाळ मिशनमध्येच राहिलं, शेळीच्या दुधावर, केर्तूच्या खोलीत. जरा अंग धरू दे, मग न्या, असं ती म्हणाली. पोरीनं अंग धरलं, रांगायला लागली, पण न्यायचं कुणी बोललं नाही. मीही नाही.

करार संपवून शिलोंगो परत आला. आमच्यात नाव बाप ठेवतो. तो मिशनमध्ये गेला, मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, हिचं नाव केर्तू. ज्याचं नाव आपल्याला मिळतं तो आपला म्बूशे. ते नातं आमच्यात रक्ताच्या तोडीचं असतं. त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींच्या म्बूशे झाल्या, आणि आईनं त्या रांगत्या पोरीला, दवाखान्यात केर्तूला म्हणत तसं, मोठ्या अदबीनं 'सिस्टर' म्हणायला सुरुवात केली. शिलोंगो पुन्हा करारावर गेला.

केर्तू तिला पाठीशी बांधूनच वाडीवाडीला फिरायची. गोऱ्या पाठीवर काळं पोर, ते बघायला लोक लांबून वाटेवर येऊन उभे राहत. पोर दिवसा आमच्याशी आमच्या भाषेत भांडायची आणि रात्री केर्तूच्या भाषेत प्रार्थना म्हणायची. केर्तूला ती मेमे म्हणायची, म्हणजे आई; मानाच्या बाईलाही आम्ही तेच म्हणतो. मलाही मेमेच म्हणायची, कारण आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच.

पोर चार वर्षांची झाली असेल, तेव्हा मिशनमध्ये नवे मोठे पाद्री आले. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं, जी सगळ्यांसाठी आली तिनं एकाच लेकराची आई होऊन बसू नये. केर्तूची मायदेशी सुट्टीवर जायची वेळ आली होती आणि मुलीला बरोबर न्यायची परवानगी तिकडून मिळाली नव्हती. पाद्री टोपी हातात धरून आमच्या वाडीत आले. आईनं त्यांना सांगितलं, मूल आमच्या कुळाचं आहे, कधीतरी आमच्या चुलीशी येणारच होतं, पण उपटून आणू नका. पाद्री मान हलवत राहिले.

केर्तू स्वतःच तिला घेऊन आली. मला म्हणाली, "रात्री ती पाणी मागते. आणि दार लावलं तर घाबरते."

मी म्हटलं, "माझ्या झोपडीला दारच नाही, मेमे."

ती हसली. मग वळली आणि चालू लागली. पोर कुंपणाशी उभी राहून हाका मारत होती.

पोर रुळेपर्यंत तिकडे जाऊ नका, असं पाद्रींनी केर्तूला बजावलं होतं. तिनं ते पाळलं. आमची वाट सोडून लांबच्या वाटेनं दुसऱ्या वाड्यांना जायची. मला तिचा राग यायचा. माझी आई म्हणायची, राग धरू नकोस, ती तिच्या वडीलधाऱ्यांचं ऐकतेय. पोर रोज कुंपणाच्या तोंडाशी जाऊन बसायची. हळूहळू तिथं बसेनाशी झाली. माझ्या मुलाबरोबर शेळ्यांमागं जायला लागली, माझ्या कुशीत झोपायला लागली.

सुट्टीवर निघायच्या सकाळी केर्तू निरोप घ्यायला आली. पोर माझ्या आईबरोबर विहिरीवर गेली होती. मी म्हटलं, थांब, बोलावून आणते. ती म्हणाली, नको, आत्ता कुठं शांत झालीय. माझा हात धरून थोडी बसली आणि गेली.

कोरड्या दिवसांत गोवर आला. आमच्या भागातली कितीतरी पोरं गेली. आमची छोटी केर्तूही गेली. नेलागोच्या शेजारीच तिला पुरली. पाद्रींनी फिनलंडला कळवलं, पण चिठ्ठी तिथं पोचायच्या आत केर्तू परतीच्या बोटीत बसली होती.

ट्रकमधून उतरून ती आपल्या खोलीतही गेली नाही, सरळ आमच्याकडे आली. आईनं तिला बसायला ठोकळा दिला, बाजरीचं आंबट पेय दिलं. आमच्यात मेल्याची बातमी उभ्याउभ्या सांगत नाहीत, आलेल्याला आधी बसवतात, पाणी देतात. शेजारच्या बायका एकेक करून येऊन बसल्या. प्रवास कसा झाला हे कुणी विचारलं नाही. केर्तू आमच्यात इतकी राहिली होती की तिला तेवढ्यावरून कळलं. तिनं भांडं खाली ठेवलं, ठोकळ्यावरून उतरून वाळूत बसली आणि विचारलं, "कधी?"

मी सांगितलं. गोवर, ताप, शेवटची रात्र, सगळं.

"मला हाक मारली का तिनं?"

इतक्या बायका ऐकत होत्या, तरी मला वाटलं की खोटंच हो म्हणावं. पण मी म्हटलं, "मेमे म्हणून हाक मारली. आपल्यातली कोणती ते मला कळलं नाही. मी जवळ गेले."

ती म्हणाली, "बरं झालं. कुणीतरी जवळ गेलं."

तोवर ती रडली नव्हती. मग मात्र असा आवाज आला की कुंपणातल्या शेळ्या उठल्या.

आमचं सुतक केव्हाच संपलं होतं. आईनं ते तिच्यासाठी पुन्हा धरलं. चटया पसरल्या, बायका जमिनीवर झोपल्या, केर्तू आमच्यामध्ये. दुसऱ्या दिवशी पाद्री तिला न्यायला आले. आई त्यांना म्हणाली, "आमच्यात आईला एकटी ठेवत नाहीत." त्यांनी टोपी काढली आणि तेही बाहेर झाडाखाली दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी टोपी घालून एकटेच परत गेले.

सुतक संपल्यावर ती दवाखान्यात गेली आणि पुढं म्हातारी होईपर्यंत तिथंच राहिली. बाळंतपणं केली, प्रार्थना घेतल्या. पण मयताच्या घरी गेली की पूर्वीसारखी 'प्रभूची इच्छा' असं म्हणत नसे. नुसती बसायची. तिच्या हातून जन्मलेल्या कितीतरी मुलींना बापांनी तिचं नाव दिलं. ती त्यांना कधी नावानं हाक मारत नसे, कन्या म्हणायची. कुणाला पाठीशी बांधलं नाही.

हात थरथरायला लागले तेव्हा मिशननं तिला मायदेशी परत बोलावलं. तिला इथंच राहायचं होतं. तसं तिनं मागितलंही, पण पाठवलीच. तोवर माझी आई गेली होती, आणि केर्तूशी तिच्यासारखं भांडणारं कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी चर्चमध्ये तिच्या नावानं प्रार्थना झाली, तेव्हा आम्हाला कळलं की ती गेली.

आम्ही बायका माझ्या वाडीत वाळूत बसलो. कुणीतरी म्हणालं, तिकडे आत्ता हिवाळा असेल. तेव्हा मला आठवलं, तिनंच एकदा सांगितलं होतं की त्यांच्याकडे थंडीत जमीन दगडासारखी होते, कबर खणायच्या आधी तिच्यावर आग पेटवून ती मऊ करावी लागते. मी ते बायकांना सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. आमच्याकडे वाळू आहे, हातानंही खणता येते.