ऐनाच्या झाडाआधी "येते"

हिरा जीपमध्ये गेली. घरात नाय, दवाखान्यात नाय... डोळखांबहून शहापूरला नेताना, माझ्या खांद्यावर. त्याआधी टोकावड्याला दिलेली आमची मुलगी शेवंता फोनवर होती. हिरा धापा टाकत तिला म्हणाली, "घाबरू नको गो, मी..." आणि ऐनाच्या झाडापाशी फोन तुटला. जीपवाला काशिनाथ म्हणाला, "थांबवू काय, बाबा?" असं माणूस घेऊन थांबायचं कसं? "हाण," मी म्हणालो.

आमच्या रस्त्याला ते झाड सगळ्यांना ठाऊक. डोंगरावरचा जुना टॉवर लांबवर पोचतो. झाडापुढे फार्महाऊसवाल्यांसाठी बसवलेला बुटका टॉवर. त्याचा घेर दोन शेतांएवढा. चालत्या गाडीतला फोन मोठ्या टॉवरने लहान्याच्या हाती द्यायचा, आणि लहाना धरेस्तोवर गाडी त्याच्या हद्दीबाहेर! म्हणून बोलणं उरलं असेल तर लोक झाडाआधी जीप थांबवतात, बोलून घेतात, मग निघतात. हिरा कधी थांबवायची नाय. झाड दिसलं की अर्धी गोष्ट टाकून "येते गो" म्हणायची आणि स्वतः फोन ठेवायची. मी चिडवायचो, "टॉवरला भितेस काय?" तर म्हणायची, "तुमी गप बसा. 'येते' न बोलता कुणाच्या घरून उठतं काय माणूस?" त्या दिवशी तिला झाड दिसलंच नाय.

दिवसकार्य झाल्यावर मी फोनच्या कंपनीकडे तक्रार केली. कंपनीचा माणूस आला, झाडाखाली उभा राहिला, फोन वर धरून हसला. "काका, रेंज फुल आहे."

"उभ्याला आहे रे. जीपमध्ये बस आणि बघ."

"तसं काही आमच्या तपासणीत येत नाही."

येत नाय! मरणाऱ्या बाईला काय झाडाखाली उभी करायची होती? फार्महाऊसच्या झोपाळ्यावर बसून बोलणाऱ्याचा फोन तुटत नाय. दवाखान्याकडे पळणाऱ्याचा तुटतो. शेवंता अजून विचारते, "बाबा, आई पुढे काय बोलणार होती?"

हिराचा फोन आता माझ्याकडे असतो, तिनेच शिवलेल्या पिशवीत. शेवंताकडे अजून 'आई' असंच नाव येतं. परवा शहापूरला जाताना तिचा फोन आला. झाड दिसलं. मी म्हणालो, "येतो गो." तिने फोन ठेवला नाय, मीही ठेवला नाय.

टॉवरनेच तोडला.