पायडलवरचा पाय

औषध योग्य आहे, पट्टी वेळेवर बदलली जाते, माणूस पथ्य पाळतो. तरीही जखम भरत नाही, असे का होते? हा प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या, मालूताईच्या, पायाने मला घातला होता. उत्तर लिहून काढायचे ठरवले होते. ताई होती तोवर ते राहून गेले. गेल्या महिन्यात बदलापूरला, स्वतःच्या घरी, ती हृदयविकाराने गेली. अंबरनाथच्या आमच्या शाळेत शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा मी सातवीचे पेपर तपासत होतो. हातातला पेपर पूर्ण तपासला, गुणांची बेरीज केली, पेनाला टोपण लावले आणि निघालो. रडू आले नाही. अजूनही आलेले नाही...

मेव्हणे लवकर गेल्यावर ताईने शिवणावर घर चालवले. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका सिंधी व्यापाऱ्यासाठी ती परकर शिवत असे. चाळिशीनंतर मधुमेह जडला आणि हळूहळू तळपायांची जाणीव गेली. उजव्या अंगठ्याखालची भोवरी कधी फुटली, हे तिला कळलेच नाही. माझी भाची सुनंदा हिला फरशीवर डाग दिसले, तेव्हा कळले. डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधे बदलली आणि बजावले, "बाई, चालायचं नाही. पाय टेकायचा नाही." व्यापारी स्वतः घरी येऊन सांगून गेला, "दीदी, आप दुकान पे आना मत. माल मैं घर भेजता हूँ, आप आराम से बैठ के सिलो." बाजारहाट सुनंदा करू लागली, पाणी शेजारीण भरू लागली. ताई बसून राहिली. जखम होती तेवढीच राहिली.

इथे थोडे शिकवणे भाग आहे. त्वचा फाटली की प्रथम रक्त गोठते. मग सूज येते. ती घाबरण्यासारखीच असते असे नाही, कारण त्या काळात शरीर आतली घाण आणि जंतू साफ करत असते. त्यानंतर तळातून लालसर, दाणेदार मांस भरून येते, आणि शेवटी कडांची त्वचा आत सरकत सरकत जखम झाकते. रक्तातली वाढलेली साखर, पायाकडे कमी पोचणारे रक्त, जंतू, निकस आहार, तंबाखू, यांपैकी काहीही हे काम रेंगाळवू शकते. ताईच्या बाबतीत आम्ही एकेक कारण तपासले. साखर आटोक्यात आली होती. पू नव्हता. "डाळ खाल्ली की पू होतो" म्हणणाऱ्या शेजारणीला मी समजावले होते आणि ताईच्या ताटात डाळ, अंडे येत होते. तरीही काही फरक नव्हता. डॉक्टर म्हणाले, "हाडापर्यंत गेली, तर अंगठा काढावा लागेल. कदाचित थोडं पाऊलही." ताई शांतपणे सुनंदाला म्हणाली, "एका पायाने मशीन चालतं का गं? विचारून ठेव कुणाला तरी." आम्ही ते थट्टेवारी नेले.

एका रविवारी मी गेलो तेव्हा सुनंदा पट्टी बदलत होती. जुनी पट्टी वर्तमानपत्रावर उलटी पडली होती. तिच्या तळाशी काळपट जाळी उमटलेली होती... सरळ, आखल्यासारखी.

"ताई, हे काय?"

"मशीनचं तेल असेल. डॉक्टरांकडे जाताना वरची पट्टी बदलते ना मी. मळकी कशी न्यायची?"

"म्हणजे तू पायडल मारतेस?"

"मग परकर काय मंत्राने शिवले जातात? बसूनच तर असते. मास्तर, तुझ्या पुस्तकात बसण्याला चालणं म्हणतात का?"

उठणे-फिरणे थांबल्यामुळे ती पूर्वीपेक्षा अधिक शिवत होती. लोखंडी जाळीदार पायडल सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके त्या जखमेवर दाबले जात होते. तळातून भरून येणारे कोवळे मांस रोज चेंगरत होते, आणि वेदना नसल्यामुळे पाय तक्रार करत नव्हता.

डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "पायडल बंद."

"मग तुम्ही येता का शिवायला?" ताईने विचारले.

उल्हासनगरच्या एका कारागिराकडून मशीनला हाताचा दांडा बसवून घेतला. काम निम्म्यावर आले. ताई कुरकुरली, पण तिने ते पाळले. पुढे सुनंदा तळव्याखाली आरसा धरू लागली आणि ताई मला निरोप पाठवू लागली, "मास्तरांना सांग, काठ आत सरकलाय." अंगठा वाचला. नवी त्वचा फार दिवस नाजूक असते आणि मूळच्याइतकी बळकट पुन्हा होत नाही, म्हणून पायडल कायमचे सुटले. मात्र उजव्या हाताने दांडा फिरवताना तिचा उजवा पाय हवेत वरखाली होत राही. ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

ती गेली त्या दिवशी पायांवर डोके ठेवताना मी आधी तळवा पाहिला. व्रण कोरडा होता, चकचकीत, काठ मिटलेले. मग नमस्कार केला.

तेराव्यानंतर मशीनपाशी बसलो. पायडलच्या जाळीचा रंग उजवीकडे उडालेला आहे. मी त्यावर पाय ठेवला नाही.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका. आपल्या घरात मधुमेह असलेले कोणी असेल, तर आज उजेडात त्यांचे तळवे पाहा. आणि "मी बसूनच असते" असे उत्तर आले, तर पाय कुठे टेकलेला आहे, तेवढे स्वतः वाकून पाहा.